सिझेरियनच्या टाक्यातली गाठ आणि पिशवीवरचा आळ

सिझेरियन होऊन बाई घरी आली की बघायला येणारे बाळाचे वजन विचारतात, बाळ कोणाच्या वळणावर गेले ते सांगतात, दूध पुरते का याची चौकशी करतात. टाक्यांची चौकशी कोणी करत नाही. बाईही आपण होऊन सांगत नाही. जागाच अशी की सासूला दाखवायचा संकोच, नवऱ्याला दाखवायचा संकोच, आणि डॉक्टर पुरुष असला तर विचारायलाच नको. दवाखान्यात ताप किंवा अशक्तपणा म्हणून येतात, गोळ्या घेतात, आणि उठून जाताना दाराशी हळूच म्हणतात, “टाक्याजवळ जरा गाठ लागतीय, ती असते का तशी?”

दाराशी विचारलेल्या त्या प्रश्नासाठी हा लेख आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात २०१५-१६ साली शंभरातली सुमारे २० बाळंतपणे सिझेरियनने झाल्याची नोंद होती, २०१९-२१ च्या फेरीत ती २५ वर गेली. म्हणजे आज गावातल्या प्रत्येक गल्लीत पोटावर हा वण असलेली एक तरी माता-भगिनी आहे. ही शस्त्रक्रिया गरजेची होती की नव्हती हा वाद आज बाजूला ठेवू. वण तर पडला आहे. त्याचे काय करायचे, ते बघू.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. बाहेरून दिसतो तो फक्त कातडीचा टाका. त्याखाली चरबी, त्याखाली स्नायूंवरचे चिवट पांढरे आवरण, मग स्नायू, पोटाचे आतले अस्तर आणि सर्वांत खाली गर्भाशय म्हणजे पिशवी. सगळे वजन पेलते ते त्या पांढऱ्या आवरणाचा टाका. कातडी आठ-दहा दिवसांत मिटते म्हणून “टाके भरले” असे आपण म्हणतो. आतली वीण मात्र सहा आठवड्यांनी जेमतेम निम्म्या ताकदीची होते, तीन महिन्यांनी साधारण ऐंशी टक्के. पूर्वीची पुरी ताकद तिला कधीच येत नाही. वणाचा रंग आणि कडकपणा उतरायला तर वर्ष-दीड वर्ष लागते. तेव्हा पहिल्या दोन-तीन महिन्यांत टाक्याच्या रेषेखाली दोरीसारखी कड हाताला लागली, कधी खाज आली, वरची कातडी बधिर वाटली, तर घाबरू नये. ती वीण जुळत असल्याची खूण आहे. बधिरपणा तर कित्येकींना वर्षभर राहतो.

काळजीचे प्रकार निराळे, आणि ते ओळखायची किल्ली बहुतेक वेळा एकाच प्रश्नात असते: गाठ केव्हा आली?

पहिल्या पंधरा दिवसांत आलेली गाठ म्हणजे टाक्याखाली साठलेले रक्त, पाणी किंवा पू. टाका पिकण्याचा काळ साधारण चौथ्या ते दहाव्या दिवसाचा. या काळात बाई बहुतेक वेळा दवाखान्यातून सुटून माहेरी गेलेली असते. ज्याने शस्त्रक्रिया केली त्याला टाका पिकल्याचे कळतही नाही. जागा लाल होते, गरम लागते, ठणका वाढत जातो, थंडी वाजून ताप येतो. अशा वेळी हळद, भस्म, तेलाचा बोळा आणि शेक यांत चार दिवस जातात. काही घरांत गोळी कुटून तिची पूड जखमेत भरतात. कृपा करून हे करू नका. पू झाला असेल तर एक-दोन टाके सोडून त्याला वाट करून द्यावी लागते आणि रोज ड्रेसिंग करावे लागते. ती जखम तळापासून भरत येते. तोंड वरून मिटले आणि आत पू राहिला, तर महिनाभराने तोच टाका पुन्हा फुटतो.

याच दिवसांतली एक खूण मात्र प्रत्येक घरातल्या वडीलधाऱ्या बाईने पाठ करून ठेवावी. पाचव्या ते आठव्या दिवशी टाक्यातून अचानक गुलाबी पाणी वाहू लागले, परकर भिजला, तर ते “घाण निघून जातीय” असे समजू नये. आतले आवरण उसवत असल्याची ती सूचना असू शकते. स्वच्छ धुतलेले कापड वर ठेवून, बाईला आडवे ठेवून, त्याच घटकेला मोठे रुग्णालय गाठावे.

टाका भरत नाही याची कारणे आपल्याकडे वेगळी काढायला नकोत, ती चुलीपाशीच असतात. बाळंतिणीला भात दिला की टाके पिकतात, वरण दिले की पू होतो, अंडे उष्ण पडते, पाणी जास्त प्यायले की पोट सुटते. अशी बंधने घालून तिला बाजरीची कोरडी भाकरी आणि लसणाची चटणी दिली जाते. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे वर सांगितलेल्या सर्वेक्षणातच आहे. मग जखम भरायला लागणारी प्रथिने आणायची कोठून? वरण, उसळ, अंडी, दूध, शेंगदाणे, पालेभाजी, आवळा किंवा पेरू, हे सगळे बाळंतिणीला चालते. नव्हे, तेच लागते. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर अवश्य द्या, पण जेवणाबरोबर द्या, जेवणाच्या बदल्यात देऊ नका. शिवाय गरोदरपणात साखर वाढलेली असेल तर टाका हटकून रेंगाळतो. अशा बाईची साखर बाळंतपणानंतरही तपासावी.

टाका दोन दिवसांनंतर साध्या पाण्याने आणि साबणाने हलका धुवायला हरकत नसते. मात्र नंतर तो टिपून कोरडा करावा. आडवा छेद पोटाच्या घडीत येतो आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती घडी दिवसभर घामाने ओली असते. त्यात परकराची नाडी बरोबर त्याच रेषेवर कचकचीत बांधलेली. नाडी टाक्याच्या वर बांधावी, किंवा काही महिने सैल गाऊन घालावा. लोक काय म्हणतील याचा विचार त्या लोकांनीच करावा.

आता काही आठवडे किंवा महिन्यांनंतर येणारी गाठ. वणावर एका जागी पुटकुळी येते, फुटते, थेंबभर पू येतो, भरते, पुन्हा येते. हा बहुधा आत राहिलेल्या धाग्याचा प्रताप. न विरघळणारा धागा शरीराला परका वाटतो आणि ते त्याला बाहेर ढकलू पाहते. धागा काढला की प्रकरण मिटते. काढूनही महिनोन्‌महिने वाहत राहिले तर मात्र त्या पुवाची क्षयाच्या आणि तत्सम जंतूंसाठी तपासणी करून घ्यावी. नेहमीच्या पाच दिवसांच्या गोळ्यांना हे जंतू दाद देत नाहीत, आणि दर वेळी नवी गोळी बदलून देण्यात काही अर्थ नसतो.

काहींचा वण जाड, तांबूस, चमकदार होतो आणि मूळ छेदाच्या बाहेर पसरतो. हा किलॉइड. खाजतो, टोचतो, दिसायला वाईट, पण जिवाला धोका नाही. तो नुसता कापून काढण्याच्या भरीस पडू नका, बहुधा पहिल्यापेक्षा मोठा होऊन परत येतो. वणात द्यायची इंजेक्शने असतात, सिलिकॉनच्या पट्ट्या असतात. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे.

खोकल्यावर किंवा उभे राहिल्यावर फुगणारी आणि आडवे झाले की आत जाणारी गाठ म्हणजे हर्निया. आतल्या आवरणाची वीण उसवून तिथून आतडे डोकावते. उभा छेद असेल, टाका पिकलेला असेल, किंवा वीण कच्ची असताना ओझे उचलले असेल, तर याची शक्यता वाढते. पट्टा बांधून हर्निया बरा होत नाही, शस्त्रक्रियेने होतो. आणि अशी गाठ एखाद्या दिवशी आत जाईनाशी झाली, कडक होऊन दुखू लागली, उलट्या सुरू झाल्या, तर सकाळची वाट पाहू नये.

हे सारे प्रकार डोळ्याला आणि हाताला ओळखू येतात. आता ज्या गाठीने मला हा लेख लिहायला लावला तिच्याकडे येतो.

साधारण तिशीची एक भगिनी. दोन सिझेरियन, दुसरे होऊन चार वर्षे झालेली. वणाच्या डाव्या टोकाला सुपारीएवढी टणक गाठ. दोन वर्षांत तिने तीन दवाखाने केले होते. पहिल्या ठिकाणी गळू म्हणून गोळ्या दिल्या. दुसऱ्या ठिकाणी चीर दिली, पू निघाला नाही, काळपट रक्त निघाले. तिसऱ्या ठिकाणी “पिशवीला सूज आहे, काढून टाका, नाहीतर पुढे कॅन्सर होईल” असे सांगून तारीख दिली. नवरा पैशाच्या तजविजीला लागला होता. मी तिला एवढेच विचारले की गाठ रोज दुखते का? ती म्हणाली, “नाही डॉक्टरसाहेब, अडचणीच्या चार दिवसांतच ठणकते. त्या दिवसांत मोठीही होते. मग जरा उतरते.” तीन दवाखान्यांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, आणि पाळीचा आणि टाक्याचा संबंध असेल असे तिला स्वतःला कसे सुचावे?

दर महिन्याला पाळीबरोबर दुखणारी वणातली गाठ म्हणजे बहुतेक वेळा एंडोमेट्रिऑसिस. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी आहे. पिशवीच्या आतले अस्तर दर महिन्याला वाढते आणि पाळीत गळून जाते. सिझेरियनच्या वेळी पिशवी उघडतात तेव्हा त्या अस्तराच्या काही पेशी बाहेर सांडतात. बहुतेक जणींत त्या मरून जातात. एखादीत मात्र पोटाच्या टाक्यात रुजतात. पेरणी वावरात केली तरी चार दाणे बांधावर पडून तिथेच उगवतात, तसेच हे. पाळी आली की त्या पेशींतूनही रक्त उतरते, त्याला बाहेर जायला वाट नसते, म्हणून गाठ फुगते आणि ठणकते. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी, कधी कित्येक वर्षांनी ती दिसू लागते, त्यामुळे जुन्या टाक्याशी तिचा धागा जोडायचे राहून जाते. हा आजार विरळा आहे हे खरे. पण सिझेरियन वाढली तशी ही गाठही वाढणार, हा साधा हिशोब आहे.

आणि इथेच पिशवीवर आळ येतो. ही गाठ पोटाच्या भिंतीत असते, पिशवी तिच्या कितीतरी खाली ओटीपोटात. पिशवी काढली आणि बीजकोश राहिले तर गाठीला खतपाणी घालणारे हार्मोन तसेच चालू राहतात, म्हणजे पाळी बंद आणि ठणका सुरू. बीजकोशही काढले तर तिशीतली बाई एका दिवसात पन्नाशीची होते: अंगातून वाफा, झोप नाही, हाडे ठिसूळ. एका सुपारीएवढ्या गाठीसाठी ही किंमत! तिचा उपाय म्हणजे ती गाठ भोवतालच्या थोड्या चांगल्या भागासकट पुरी काढणे. काठ अपुरा घेतला तर ती परत येऊ शकते. गाठ मोठी असेल तर आवरणात पडलेली भोक जाळी बसवून बुजवावी लागते. गोळ्या-इंजेक्शनांनी ठणका तात्पुरता दबतो, एवढेच. वर सांगितलेल्या भगिनीची गाठ सर्जनने काढली, तपासणीत निदान पक्के झाले, आणि पिशवी जागेवर राहिली.

बीडच्या वाचकांना पिशवीचा विषय नवा नाही. जून २०१९ मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात सांगितले होते की या जिल्ह्यात तीन वर्षांत ९९ खाजगी रुग्णालयांत ४,६०५ बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या. पुढे नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी साडेतेरा हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यानंतर खाजगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक झाले. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक पिशवी काढण्याविरुद्धची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी अमलात आणावीत असा आदेश दिला. त्या सगळ्या बायकांच्या दुखण्याचे मूळ टाक्यात होते असे माझे मुळीच म्हणणे नाही. कॅन्सर, औषधांना न जुमानणारा रक्तस्राव, मोठे फायब्रॉइड, अंग बाहेर येणे, यांसाठी पिशवी काढावी लागते आणि ती काढणारे माझे व्यवसायबंधू योग्य तेच करतात. पण ज्या जिल्ह्यात “पोटात दुखते” या वाक्याला “पिशवी काढा” हे उत्तर ठरून गेले होते, तिथे टाक्यातल्या गाठीसाठी पिशवी गमावण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाईच्या हातात यावर एक बिनपैशाचा उपाय आहे. घरात भिंतीवर कालनिर्णय असते. दुधाचा हिशोब जिथे लिहितो तिथेच पाळीच्या दिवशी एक खूण आणि गाठ दुखेल त्या दिवशी दुसरी खूण करावी. तीन महिन्यांत दोन्ही खुणा शेजारी शेजारी येऊ लागल्या, तर ती पाने घेऊन डॉक्टरकडे जावे. सोनोग्राफीला गेल्यावर “पोटाची” एवढेच सांगू नये. बोट ठेवून “या गाठीवर बघा” म्हणावे. पोटाची नेहमीची सोनोग्राफी आतल्या अवयवांकडे बघते आणि भिंतीतली गाठ निसटून जाते. शक्य तर दुखण्याच्या दिवसांतच करावी. आणि काढलेली गाठ तपासणीला गेलीच पाहिजे, असा आग्रह धरावा. टाक्यातली गाठ कॅन्सरची असणे अतिशय विरळ, पण ते सांगायचा अधिकार सूक्ष्मदर्शकाचा आहे, बोटांचा नव्हे. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी सर्जन, सोनोग्राफी आणि पॅथॉलॉजी एकाच आवारात मिळतात, त्यासाठी औरंगाबाद-पुण्याची वारी करायची गरज नाही. (शहराचे नाव आता छत्रपती संभाजीनगर झाले, पण आमच्या पिढीच्या तोंडचे जायला वेळ लागेल.)

राहिला प्रश्न फडावरचा. दसरा-दिवाळी झाली की आपल्या गावांतून ट्रॅक्टर आणि टायरगाड्या भरून टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल दोघांच्या नावावर. भाद्रपदात सिझेरियन झालेली बाई कार्तिकात तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढते. तिला “तीन महिने ओझे उचलू नका” असा सल्ला देऊन मी फी घेतो, तेव्हा तो सल्ला पाळणे तिच्या हाती नाही हे मला चांगले ठाऊक असते. एक दिवस खाडा केला तर पैसे कापले जातात, आणि ती घरी राहिली तर अर्धा कोयता राहतो, मुकादम उचल परत मागतो. तेव्हा हा सल्ला मुकादमाला आणि कारखान्याला द्यायला हवा. सिझेरियननंतर निदान तीन महिने बाईला मोळी वाहायला लावू नये, तेवढ्या दिवसांचा तिचा कोयता कापू नये, आणि ती भरपाई कारखाने आणि ऊसतोड कामगारांसाठी स्थापलेले महामंडळ यांनी उचलावी. शेकडो कोटींची उलाढाल करणाऱ्या धंद्याला हे जड नाही. टोळ्या निघण्यापूर्वी आणि परतल्यावर आरोग्य तपासणी व्हावी असे ठरलेले आहे. त्या तपासणीत वजन-रक्तदाबाबरोबर सिझेरियनचा वणही बघावा. बाई डॉक्टर किंवा नर्स असेल तर पडद्याआड दोन मिनिटांचे काम.

नवरेमंडळींनाही एक सांगतो. बायकोच्या टाक्याकडे बघायची लाज वाटत असेल तर तिला दाखवायला घेऊन तरी जा. सरकारी रुग्णालयात सिझेरियन, औषधे आणि बाळंतिणीचे जेवण २०११ पासून जननी शिशु सुरक्षा योजनेत मोफत आहे. टाका पिकल्यावर तिथेच परत गेलात तर कोणी हाकलून देणार नाही. आणि कोणी खेकसलेच तर डिस्चार्ज कार्ड पुढे करा.

ते कार्ड मात्र जपले पाहिजे. आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या सहा जणींचे कार्ड “कुठेतरी पत्र्यावर ठेवलं होतं, पावसात भिजलं” असे असते. कार्ड आणि सोनोग्राफीचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाबरोबर ठेवा, फडावर जाताना बरोबर न्या. शस्त्रक्रिया कोणत्या तारखेला झाली, पिशवीवरचा छेद आडवा होता की उभा, टाका पिकला होता का, रक्त दिले होते का, हे पुढच्या डॉक्टरला त्यावरून कळते. पुन्हा दिवस गेले तर पहिल्या दोन महिन्यांतच ते कागद घेऊन सोनोग्राफी करून घ्यावी, कारण क्वचित गर्भ पिशवीवरच्या जुन्या वणातच रुजतो आणि ते लवकर कळले तरच सोपे जाते. पिशवीवरच्या त्या आतल्या वणाविषयी पुढे कधीतरी सवडीने लिहीन.